तंबाखूऐवजी औषधी पाल्याचा धूर

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां मला विडीची संवय जडली. निवृत्तीनंतर ती सोडण्याचें मनांत आलें, तेव्हां एका स्नेह्यांनीं तुळस, ज्येष्ठमध व दालचिनी भरलेल्या बिनतंबाखूच्या विड्यांचें बंडल आणून दिलें. "हें औषधच समजा, हवें तितकें ओढा," असें त्यांचें म्हणणें. मीं दोन महिने त्याच ओढल्या. तलफ गेली नाहीं व सकाळचा खोकलाहि गेला नाहीं. असें कां झालें, याचा शोध घेतां जें समजलें तें वाचकांपुढें ठेवितों.

तलफ लागते ती तंबाखूंतील निकोटीन या द्रव्यामुळें. ओल्या तंबाखूची खुडणी करणाऱ्यांस मळमळ व चक्कर येते, तीहि हेंच द्रव्य कातडींतून अंगांत भिनल्यानें. तुळशींत तें नाहीं. म्हणून तिची विडी नवी संवय लावीत नाहीं, पण जुनी भागवीतहि नाहीं. खोकल्याची गोष्ट निराळी. पान कोणतेंहि असो, तें जळलें कीं धुरांत डांबरासारखा चिकट अंश व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु येतोच. चुलीपुढें जन्म घालविलेल्या बायांच्या छातीस विचारावें. त्यांनीं कोठें तंबाखू ओढली होती? शिवाय पाल्याच्या विडीसहि वेष्टन टेंभुर्णीच्याच पानाचें. त्यांतून हवा खेळत नाहीं, म्हणून विडी विझूं नये यासाठीं वरचेवर व जोरानें झुरके घ्यावे लागतात.

आपल्या वैद्यकांत धूमपान सांगितलें आहे, असें कोणी म्हणतील. तें खरें आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत वेलदोडा, चंदन, ज्येष्ठमध, गुग्गुळ इत्यादि वाटून बोरूवर लेप द्यावा, अंगठ्याएवढी जाड व आठ अंगुळें लांब वात करावी, वाळल्यावर बोरू काढून ती तुपानें पेटवावी, असा विधि आहे. त्यांत तंबाखू नाहीं. ती मूळची अमेरिकेची, पोर्तुगीजांबरोबर इकडे आली. परंतु त्याच ठिकाणीं धूमपानाच्या आठ वेळा नेमून दिल्या आहेत, आणि अवेळीं वा अति ओढल्यास बहिरेपणा, अंधत्व व भोंवळ येते असेंहि बजाविलें आहे. हा उपचार आहे. पारावर बसून करावयाची करमणूक नव्हे.

सर्वांत जपावयाचें तें धोत्र्यापासून. बांधावर फुकट उगवतो, म्हणून दमेकरी त्याचीं सुकीं पानें चिलमींत घालतात. श्वासनलिका सैल होऊन तात्पुरता आराम पडतो, हें खोटें नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हा उपाय मद्रासेहून ब्रिटनमध्यें गेला व पुढें तेथें धोत्र्याच्या जातीच्या सिगारेटी दम्यावर विकल्या जात. परंतु एका झाडाच्या पानांत विष किती व दुसऱ्याच्या किती, याचा मेळ नसतो. तोंड कोरडें पडतें, बाहुल्या विस्फारतात, माणूस असंबद्ध बडबडूं लागतो व प्रसंगीं दगावतोहि. दम्यास आतां डॉक्टर ओढावयाचीं औषधें मोजून देतात. चिलमीचें कारण उरलेलें नाहीं.

माझी तलफ अखेर गेली ती निकोटीन मोजक्या प्रमाणांत देणाऱ्या चघळावयाच्या वड्यांनीं. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें घेतल्या व हळूहळू कमी केल्या. हल्लीं खिशांत भाजलेल्या बडिशेपेची डबी असते. शेजारचे शेतकरी ती चेष्टेनें मागतात व संपवूनच परत देतात.