आधी खूण, मग संकेत

इंटरनेटच्या पानात वाक्यामध्येच एखादे सूत्र द्यावयाचे, तर त्याच्या दोन्ही अंगांस कोनी कंसात ‘कोड’ ही खूण घालतात. पान साध्या मजकुरात उतरविताना ती नुसती पुसली, तर सूत्र कोठे संपले हे कळेनासे होते. म्हणून तिच्या जागी बॅकटिक ठेवावे. जॉन ग्रुबर यांच्या २००४ सालच्या मार्कडाउनची हीच रीत.

खरी गोम क्रमात आहे. पानात ‘पेक्षा कमी’ हे चिन्ह ‘एलटी’ या संकेताने लिहितात. संकेत आधी उलगडला, की पुसणारे यंत्र त्या चिन्हालाच खुणेचा आरंभ समजते आणि पुढचा कोन भेटेपर्यंत सारे गिळते. माझ्या हातून हेच झाले. ‘वेतन किमान दरापेक्षा कमी’ हे सूत्र पत्रकात घ्यावयाचे होते. कामगारांच्या हाती पडले ते नुसते ‘वेतन’.