विश्लेषण : कुटुंब सुट्टीवर, घरात पाणीच पाणी... अमेरिकेच्या थंडीत पाइप का फुटतात?

डिसेंबरमध्ये शाळांना सुट्टी लागली की अमेरिका-कॅनडातील अनेक मराठी कुटुंबे तीन-चार आठवड्यांसाठी पुण्या-मुंबईकडे निघतात. बॅगांचे वजन होते, पासपोर्ट दोनदा तपासले जातात. पण निघताना बिल वाचावे म्हणून घराचे हीटिंग पूर्ण बंद केले, तर ही बचत फार महागात पडू शकते. बंद घरात पाइप फुटला तर पाणी थांबवायला कोणी नसते आणि शेजाऱ्याचा फोन येईपर्यंत छत, भिंती, लाकडी फरशी सगळे भिजलेले असते.

पाइप नेमका कुठे फुटतो?

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. म्हणून जिथे बर्फ झाला तिथेच पाइप फाटतो, असा सर्वसाधारण समज आहे. बहुतेक वेळा तसे होत नाही. पाइपच्या आतून बर्फ धरत जातो आणि शेवटी बुचासारखा बसतो. बुचाच्या एका बाजूचे पाणी रस्त्यावरील जलवाहिनीकडे मागे सरकू शकते. दुसऱ्या बाजूला बंद नळ असतो. बर्फ वाढत राहिला की बूच आणि नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावरचा दाब प्रचंड वाढतो आणि पाइप सर्वांत कमकुवत जागी फुटतो. त्या जागी बर्फाचा कणही नसू शकतो. इलिनॉय विद्यापीठाच्या बिल्डिंग रिसर्च काउन्सिलने १९९०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत हेच दिसून आले.

कडाक्याच्या थंडीत रात्री नळाची बारीक धार सोडून ठेवायला सांगतात, ते यासाठी. वाहते पाणी उशिरा गोठते हे खरे, पण मुख्य फायदा वेगळाच आहे. नळ थोडा उघडा असला की दाबाला वाट मिळते. त्यामुळे पाइप गोठला तरी फुटण्याची शक्यता बरीच कमी होते.

धोका कधी?

बाहेरचे तापमान उणे ७ अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की पोटमाळ्यावरच्या उघड्या पाइपांना धोका सुरू होतो, असे याच संशोधनात आढळले. फटीतून थेट पाइपवर वारा येत असेल तर त्याआधीही. आपल्याकडे महाबळेश्वरला दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात होते, पण तिथे गोठते ते गवतावरचे, गाड्यांच्या टपावरचे दव. ती थंडी पहाटेच्या काही तासांपुरती असते आणि पाइप गोठण्याइतकी उतरत नाही.

टेक्सासमध्ये काय घडले?

उत्तरेकडील राज्यांत पाइप शक्यतो घराच्या उबदार भागातून नेतात. टेक्सासमध्ये अनेक घरांत ते पोटमाळ्यातून जातात, कारण तिथे चिंता उन्हाळ्याची. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी डलासमध्ये पारा उणे १९ अंशांपर्यंत घसरला. त्याच दिवसांत राज्यातील ४५ लाखांहून अधिक घरांची वीज गेली आणि हीटिंग थांबले. ठिकठिकाणी पाइप फुटले, जलवाहिन्यांतील दाब कोसळला आणि १ कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना द्यावी लागली. वीज गेली की हीटिंगही जाते, हा धडा टेक्सासबाहेरही लागू आहे.

घर बंद करून जाताना...

थर्मोस्टॅट किमान १३ अंशांवर (५५ फॅरनहाइट) ठेवावा. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे मेन व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडून पाइप रिकामे करणे. रेडिएटर असलेल्या घरांत एवढ्याने भागत नाही. त्यातले पाणी वेगळे असते, त्यामुळे हीटिंग चालूच हवे. बागेच्या नळाला लावलेला होज आठवणीने काढावा. किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी आणि मेन व्हॉल्व्ह कुठे आहे तेही दाखवावे.

विम्याचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही. रिकाम्या घरात हीटिंग चालू ठेवले नाही आणि पाणीही बंद केले नाही, तर गोठून फुटलेल्या पाइपचे नुकसान अनेक पॉलिसींमध्ये नाकारले जाऊ शकते. निघण्यापूर्वी ते कलम वाचलेले बरे.

गोठलाच तर?

नळातून पाणी येईनासे झाले किंवा अगदी बारीक धार येऊ लागली, तर पाइप गोठला असे समजावे. नळ उघडा ठेवावा, सिंकखालच्या कपाटांची दारे उघडावीत आणि हेअर ड्रायरने किंवा गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या टॉवेलने पाइप शेकावा. सुरुवात नळाच्या बाजूने करावी, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा राहते. आसपास पाणी साचले असेल तर ड्रायर वापरू नये. गॅसची बत्ती, मेणबत्ती, कोळशाची शेगडी यांपैकी काहीही नको. आगीचा धोका तर आहेच, शिवाय बंद खोलीत कोळसा पेटवला तर कार्बन मोनॉक्साइडने जीव जाऊ शकतो.

पाइप तडकला असेल तर बर्फ असेपर्यंत गळती दिसत नाही, ती वितळल्यावर सुरू होते. म्हणून शेकण्यापूर्वी मेन व्हॉल्व्ह बंद करून मग तो हळूहळू उघडावा. पाणी सुरळीत झाल्यावर घरातले सगळे नळ बंद करून मीटर पाहावा. तो तरीही फिरत असेल, तर कुठल्या तरी भिंतीआड पाणी गळते आहे. व्हॉल्व्ह पुन्हा बंद करून प्लंबरला बोलवावे.