काळवीट टेक्सासचा, माळ कुणाचा?

काळवीट पाहायचा असेल तर कुठे जावं? कुणी नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं रेहेकुरी सांगेल, कुणी सोलापूरजवळचं नान्नज. दोन्ही उत्तरं बरोबर. पण तिसरंही एक उत्तर आहे आणि ते ऐकून आपल्या भुवया उंचावतील. ते म्हणजे अमेरिकेतलं टेक्सास. तिथे काळवीट नुसता पाहता येत नाही, तर पैसे मोजून मारताही येतो.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीचं कवच दिलं आहे. त्याची शिकार केली तर तुरुंगाची वाट धरावी लागते. टेक्सासात मात्र 1932 साली तो नेऊन सोडला गेला. त्याच सुमारास चितळही गेले आणि आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात जिला रोही म्हणतात ती नीलगाय सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून दक्षिण टेक्सासातल्या किंग रँचवर पोचली. सुरुवातीला हा जमीनदारांचा षोक होता. पुढे गुरांच्या धंद्याचं उत्पन्न बेभरवशाचं होत गेलं, तसा या षोकाचा व्यवसाय झाला.

हा व्यवसाय चालतो तरी कसा? टेक्सासातली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी मालकीची आहे. अनेक रँचेसना माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढं उंच तारेचं कुंपण असतं. बाहेरून आणलेल्या या जनावरांना सरकारी शिकारीचा हंगाम लागू नाही. पाहुणा येतो, रँचवरच मुक्काम करतो, सोबतीला वाटाड्या असतो. कोणता नर पूर्ण काळा झालाय, कुणाच्या शिंगांना किती पीळ आहेत, हे वाटाड्याच दुर्बिणीतून पाहून सांगतो. मुक्कामाचे पैसे वेगळे आणि जनावराचे वेगळे. चांगल्या शिंगांच्या नराला काही हजार डॉलर पडतात. मांस खाल्लं जातं आणि मुंडकं पेंढा भरून दिवाणखान्याच्या भिंतीवर जातं.

आपल्याला हे वाचून शिसारी येते, पण नाक मुरडण्याआधी थोडं आपल्याच इतिहासात डोकवायला हवं. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवण्याचा षोक प्रसिद्ध होता. देशातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते आफ्रिकेतून मागवले गेले. म्हणजे शिकारीच्या हौसेपायी परमुलखातून जनावरं आणण्याची कल्पना काही टेक्सासची मिरासदारी नव्हे.

रँचमालकांचा युक्तिवाद सोपा आहे: ज्याला किंमत, तो टिकतो. या म्हणण्याला पुरावाही आहे. पाकिस्तानातल्या रानातून काळवीट नाहीसा झाला तेव्हा 1970 साली टेक्सासातून दहा काळवीट बहावलपूरजवळच्या लाल सुहांरा राष्ट्रीय उद्यानासाठी पाठवण्यात आले. शिकारीसाठी पोसलेला कळप जन्मभूमीच्या उपयोगी पडला. हे नाकारून कसं चालेल?

पण या नाण्याला दुसरी बाजूही आहे. दक्षिण टेक्सासातल्या नीलगायी गुरांना घातक ज्वर देणाऱ्या गोचिड्या अंगावर वागवत हिंडतात आणि त्यांच्यामुळे त्या गोचिड्यांचा बंदोबस्त करणं जड जातं. न्यूझीलंडची गोष्ट आणखी बोलकी. वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नसलेल्या त्या देशात 1904 साली हिमालयातले ताहर, म्हणजे आयाळ असलेले रानबोकड, माउंट कुकच्या परिसरात सोडले गेले. खुरांची सवय नसलेल्या तिथल्या डोंगरी वनस्पतींचा त्यांनी फडशा पाडायला सुरुवात केली. 1993 च्या सरकारी आराखड्याने त्यांची संख्या दहा हजारांच्या आत ठेवायचं ठरवलं. सरकार हेलिकॉप्टरमधून ताहर मारतं आणि शिकारी संघटना विरोध करतात. 2020 मध्ये तर हा वाद न्यायालयात गेला. जनावराला किंमत आली की त्याला वाचवणारे भेटतात हे खरं, पण ते जिथे नको तिथेही त्याला वाचवू लागतात हेही खरं.

मग टेक्सासात काळविटाला नेमकं कुणी वाचवलं? बंदुकीने की डॉलरने? बारकाईने पाहिलं तर दोघांच्याही आधी त्याला तिथे एक गोष्ट मिळाली होती. मोकळा माळ. किंमत होती म्हणून मालकाने तो माळ राखला, हे मान्य. पण काळवीट जगला तो गवतावर, दरपत्रकावर नव्हे.

इथेच आपली पंचाईत होते. आपण बंदूक बंद केली, हे उत्तमच झालं. पण माळाला मात्र आपण सरकारदरबारी ‘पडीक’ म्हणत आलो. पडीक म्हटलं की तिथे नांगर फिरतो, कारखाना येतो, किंवा मोठ्या हौसेने झाडं लावली जातात. काळविटाला झाडी नको असते. त्याला दूरवर दिसावं लागतं, पळायला ऐसपैस जागा लागते. रेहेकुरीचं अभयारण्य अवघं सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे. कळप त्यात मावणार कसा? तो बाहेर पडतो आणि ज्वारी-हरभऱ्यात शिरतो.

रँचमालकाला काळविटामागे पैसे मिळतात. आपल्या शेतकऱ्याला त्याच्यापायी पंचनाम्यासाठी खेटे घालावे लागतात. हा त्रास साचत गेला की काय होतं, ते 2016 मध्ये बिहारमध्ये दिसलं. मोकामा भागात नीलगायींना उपद्रवी ठरवून शिकाऱ्यांकरवी शेकडोंनी गोळ्या घालण्यात आल्या. टेक्सासात जिच्यासाठी पाहुणे पैसे मोजतात, तिला मारायला तिच्या जन्मभूमीत सरकारने माणसं बोलावली.

आपण शिकारीचं दुकान उघडावं, असा याचा अर्थ मुळीच नाही. भिंतीवरच्या मुंडक्यात काळविटाचं काळवीटपण उरत नाही. पण ज्याच्या शेतात तो चरतो त्याला भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली, माळाची नोंद पडीक म्हणून न होता गवताळ रान म्हणून झाली, तर दुर्बीण घेऊन येणारा पाहुणाही गावाला चार पैसे देऊन जाईल. कायद्याने काळविटाला गोळीपासून वाचवलं. आता त्याला उभं राहायला जागा द्यायची आहे, आणि ती कायद्याच्या पुस्तकात नाही, गावाच्या माळावर आहे.