गोठ्यात दडलेला ताप

काही वर्षांपूर्वी वडोदऱ्याजवळच्या खेड्यातील एक पशुपालक माझ्याकडे आले. तीन आठवडे चढउतार होणारा ताप, रात्री घाम, कंबरदुखी. विडाल चाचणी संदिग्ध होती, तरी मी विषमज्वराचेच उपचार केले. ताप हटला नाही. पुढच्या भेटीत त्यांच्या पत्नी सहज बोलून गेल्या, की सातव्या महिन्यात गाय गाभडली आणि वार यांनी हातांनीच काढली. गोठ्याची चौकशी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. ती मी केली नव्हती. रक्ततपासणीत ब्रुसेलोसिस निघाला. डॉक्सिसायक्लिन व रिफॅम्पिसिन सहा आठवडे देऊन ते बरे झाले.

गोठ्याच्या तपासणीसाठी मी एका पशुवैद्य मित्राला सोबत घेतले. प्रथम केली ती मिल्क रिंग चाचणी. दुधात रंगवलेले प्रतिजन घालून ३७ अंशांवर तासभर ठेवतात. प्रतिपिंडे असल्यास सायीच्या थरात निळे कडे उमटते. चाचणी स्वस्त आणि सोपी, पण स्तनदाह किंवा चीक असला तरी फसवते. येथे कडे उमटले नाही. उमटणार कसे? गाभडलेली गाय तेव्हा दूधच देत नव्हती!

मग रोझ बेंगॉल. पट्टीवर रक्तजलाचा थेंब आणि गुलाबी प्रतिजनाचा थेंब. चार मिनिटांत कण गोळा झाले. आम्लधर्मी माध्यमामुळे इतर प्रतिपिंडांची लुडबुड कमी होते. परंतु ती गाय आणि एक कालवड, दोघीही सकारात्मक आल्या. कालवडीला एस-१९ लस टोचलेली होती. लसीची प्रतिपिंडे कोणती आणि रोगाची कोणती, हे ही चाचणी सांगत नाही. अप्रत्यक्ष एलायझा अधिक संवेदनशील असूनही येथे अडखळते. स्पर्धात्मक एलायझा हा भेद बऱ्याच अंशी करते. ती गायीत सकारात्मक, कालवडीत नकारात्मक आली. जंतूंचे संवर्धन निर्णायक खरे, पण त्याला दिवस लागतात आणि प्रयोगशाळेतील माणसालाच लागण होण्याचा धोका असतो.

एकाच चाचणीवर, तीही एकदाच करून, विसंबू नये असे माझे मत झाले आहे. गाभडल्यावर लगेच घेतलेला नमुना नकारात्मक येऊ शकतो.

"आता हिचं काय करू?" त्यांनी विचारले. विकावी, तर रोग दुसऱ्याच्या गोठ्यात जाणार. गुजरातेत गोवधाला बंदी. शेवटी तिला वेगळ्या छपराखाली बांधले. वार काढताना हातमोजे आणि दूध उकळूनच, एवढे त्यांनी मान्य केले. कालवड गोठ्यातच राहिली.