दोन्ही कामं येणारा पोरगा: कबड्डीतला अष्टपैलू पारखायचा कसा?



आजचा विषय एका मोबाइलवरच्या क्लिपमधून निघाला. आमच्या भिलाईत पोलाद कारखान्याच्या निमित्ताने येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबं बरीच आहेत, विदर्भातली तर जास्तच. त्यातलेच एक ओळखीचे गृहस्थ मला गाठून म्हणाले, "भाऊ, चार मिनिटं द्या." चार मिनिटांचीच क्लिप होती. त्यांचा मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, वय वीस. दुर्गकडच्या गावांत धान कापणी झाली की रात्रीचे कबड्डीचे सामने रंगतात, तिथे तो खेळतो आणि कॉलेजच्या संघातही आहे. क्लिपमध्ये तो चढाईत तिघांना बाद करून येतो, आणि लगेच पुढच्या डावाला डाव्या कोपऱ्यात उभा राहून समोरच्याचा घोटा धरतो. शिट्ट्या, आरडाओरडा, सगळं.

वडील म्हणाले, "तो म्हणतो कॉलेज सोडतो. दुसऱ्या राज्यात एका अकादमीत दोन वर्षं राहायचं, मग प्रो कबड्डी. पैसे भरायचेत. तुम्हीच सांगा, माल खरा आहे का?"

मंडळी, हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. सांगली, बेळगाव, बालाघाट, इंदूर, कुठूनही मला हेच विचारलं जातं. म्हणून आज नीट बोलू: कॉलेजच्या पातळीवरचा अष्टपैलू खेळाडू व्यावसायिक लीगसाठी कसा पारखायचा?

आधी अमेरिकेत एक चक्कर

अमेरिकन फुटबॉलमध्ये 'टाइट एंड' नावाची एक जागा असते. हा गडी बचावाची भिंत करणाऱ्या धिप्पाड खेळाडूंच्या टोकाला उभा राहतो. कधी त्याने समोरच्याला अंगाने रोखायचं, कधी सुटून पळत जाऊन चेंडू झेलायचा. म्हणजे एकाच माणसात हमाल आणि पोस्टमन. तिथे दरवर्षी कॉलेजचे खेळाडू निवडण्याचा 'ड्राफ्ट' होतो, सात फेऱ्यांचा. त्याआधी इंडियानापोलिसला सगळ्यांची मोजणी होते: उंची, वजन, हाताची लांबी, पंजाचा आकार, ४० यार्डांची धाव, म्हणजे आपले साधारण साडेछत्तीस मीटर.

इतकं मोजूनही टाइट एंडच्या बाबतीत पारख्यांची फसगत होते. अँटोनिओ गेट्स कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा. २००३ साली सात फेऱ्यांत त्याला कुणीच निवडलं नाही. २०२५ मध्ये तो त्या खेळाच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेला. जॉर्ज किटल २०१७ साली थेट पाचव्या फेरीत, १४६ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे लीगमधल्या अव्वल टाइट एंडमध्ये गणला गेला.

असं का होतं? कारण कॉलेजचे अनेक संघ या खेळाडूला एकच काम देतात, झेल घेण्याचं. रोखण्याचं काम त्याला येतं की नाही, हे कुणी पाहिलेलंच नसतं. आणि व्यावसायिक मैदानावर त्याला रोखता येत नसेल, तर तो उभा राहिला की समोरच्या संघाला कळतं, आता चेंडू फेकणार. त्याची उणीव एकट्या त्याची राहत नाही, सगळ्या संघाचा डाव उघडा पडतो.

हे वाक्य लक्षात ठेवा. आता परत मॅटवर येऊ.

पहिला प्रश्न: पोट भरणारं काम कोणतं?

अष्टपैलू म्हणजे दोन्ही कामं थोडी थोडी येणारा, असा आपला समज असतो. लीगमध्ये तसं चालत नाही. एक काम पूर्ण व्यावसायिक दर्जाचं हवं, दुसरं उपयोगी पडेल इतकं. मनजीत छिल्लर हे मोठं उदाहरण. प्रो कबड्डीच्या सुरुवातीच्या हंगामांत तो चढाई आणि पकड दोन्ही करायचा, पण पुढे त्याचं नाव राहिलं ते मुख्यतः पकडीसाठी.

म्हणून पोराला पहिलं विचारायचं: उद्या प्रशिक्षकाने एकच काम दिलं, तर संघात तुझी जागा राहते का? उत्तर 'नाही' असेल तर तो अजून अष्टपैलू नाही. दोन अर्धवट कामं जोडून बसलेला आहे.

दुसरा प्रश्न: गुण मोजले, पण खर्च मोजला का?

इथे थोडं गणित. 'माझ्या मुलाने सामन्यात चार पकडी केल्या' असं पालक सांगतात. मी विचारतो, प्रयत्न किती? समजा बारा. म्हणजे चार गुण मिळाले आणि आठ वेळा चढाईपटू हात लावून सुटला, समोरच्याला किमान आठ गुण गेले. दुसरा मुलगा पाचच वेळा झेपावला, तीन पकडी केल्या. गुण तीन मिळाले, दोन गेले. टाळ्या पहिल्याला मिळतात, संघ दुसऱ्यामुळे जिंकतो.

चढाईचंही तसंच. किती चढायांत गुण, किती रिकाम्या आणि किती वेळा पकडला गेला, हे तीन आकडे वेगळे लिहा.

अष्टपैलूच्या बाबतीत आणखी एक खर्च असतो, तो कुणी मोजतच नाही. निव्वळ चढाईपटू बाद झाला तर चढाईची फळी कमी होते, बचावाचा सांधा बहुधा शाबूत राहतो. पण कोपऱ्यात खेळणारा पोरगा चढाईत बाद झाला, तर एका झटक्यात कोपराही रिकामा होतो. संघाने गुण मिळवून त्याला जिवंत करेपर्यंत शेजारच्या साखळीला जोडीदार नाही. टाइट एंडचं ते वाक्य आठवा: त्याची उणीव एकट्या त्याची राहत नाही. म्हणून अष्टपैलूने कधी चढाईला जायचं, यापेक्षा कधी जायचं नाही, ही समज जास्त महत्त्वाची.

तिसरा प्रश्न: समोर कोण आणि किती?

त्या क्लिपमधली तिघांची चढाई मी पुन्हा पुन्हा पाहिली. तिन्ही बचावपटू एकाच वेळी अंगावर आले, कुणी कुणाला हाक दिली नाही. लीगमध्ये असं दान क्वचितच मिळतं. तिथे दोन्ही कोपरे आणि दोन्ही कव्हर तुमच्या पावलाकडे बघत थांबतात, आणि तुम्ही निदान रेषेच्या आत खोल गेलात की साखळी मागून बंद होते.

मैदान पुरुषांसाठी १३ मीटर बाय १० मीटर. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, बोनस रेषा त्याच्या पुढे एक मीटर. बोनस मिळतो तो समोर सहा किंवा जास्त बचावपटू असतील तेव्हाच. तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर त्यांना एक जादा गुण. त्यामुळे 'दहा गुण केले' हे वाक्य अपुरं आहे. सात जणांसमोर बोनस आणि स्पर्श काढले, की दोन-तीन जण उरले असताना लोणाच्या घाईत वेचले? दोन्हींची किंमत सारखी नाही.

चौथा प्रश्न: माती की मॅट?

आपल्याकडची खूप पोरं मातीवर तयार होतात. मातीत पाय रुततो, घसरतो, वळण सावकाश असतं. मॅटवर बूट घट्ट धरतो, वेग वाढतो, आणि गुडघा-घोट्यावर ताणही वेगळा येतो. मातीवर नुसत्या ताकदीने ओढून आणणारा गडी मॅटवर अर्धा क्षण उशिरा पोहोचतो. गाव गाजवणाऱ्या पोराला मॅटवर किमान काही महिने बघितल्याशिवाय मी मत देत नाही.

हा नियम मी चुकून शिकलोय. एका धिप्पाड मुलाचं मी मातीवर एका रात्रीत कौतुक करून मोकळा झालो होतो. अंगकाठी बघूनच भुललो. मॅटवर त्याला पहिली दोन पावलंच जमेनात. त्याच्या घरच्यांनी माझ्या शब्दावर एक वर्ष घातलं. ते वर्ष मी परत देऊ शकत नाही. तेव्हापासून मी क्लिप बघून मत देत नाही.

पाचवा प्रश्न: तिसऱ्या चढाईला चेहरा कसा असतो?

सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी निर्णायक. तीस सेकंदांत गुण आणा, नाहीतर बाद. समोरच्यांना ठाऊक असतं की याला यावंच लागणार. ताकद सगळ्यांकडे असते, पण या तीस सेकंदांत डोकं कुणाचं चालतं ते बघा. आणि पकड फसल्यावर पुढच्याच डावाला तो चिडून आगाऊ झेपावतो का, तेही बघा. ही गोष्ट कुठल्याही मोजपट्टीत येत नाही. पूर्ण सामना बघावा लागतो, चाळीसच्या चाळीस मिनिटं.

भाव आणि भरवसा

आता पैशांकडे येऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ च्या लिलावात यू मुंबाकडे ३६.४ लाखांना गेला. त्या हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण काढले आणि पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला अष्टपैलू अस्लम इनामदार कर्णधार असताना पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून विजेतेपद मिळवलं. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघातही अस्लम होता.

या गोष्टी खऱ्या आहेत. पण हीही खरी आहे: २०२२ च्या हंगामासाठी पवन सेहरावतला तमिळ थलायवाजने २.२६ कोटींना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून त्याचा हंगाम संपला. पवनसारख्या नावाजलेल्या खेळाडूला लीग पुन्हा बोलावते. पुढच्या लिलावात तो २.६०५ कोटींना गेला. पण वीस वर्षांच्या अनोळखी पोराचा गुडघा गेला तर त्याला कोण बोलावणार? २०२३ च्या लिलावात सर्वांत खालच्या गटाची मूळ किंमत ९ लाख होती. ती रक्कम एका हंगामाची असते, आयुष्याची नव्हे.

मग त्या वडिलांना काय सांगितलं?

मी म्हटलं, "क्लिप ठेवा बाजूला. मुलाचे तीन पूर्ण सामने दाखवा, त्यात एक हरलेला."

त्यांनी आणले. वडील, मुलगा आणि मी एकत्र बसलो. मी वहीत प्रत्येक प्रयत्न लिहायला मुलालाच सांगितलं. पकडीचे प्रयत्न एकोणीस, यशस्वी अकरा. त्या पातळीवर हे चांगलं आहे. चढाया सव्वीस, त्यात नऊ वेळा पकडला गेला. आणि त्या नऊपैकी सहा वेळा, तो बाहेर बसलेला असताना, समोरच्यांनी त्याच्याच रिकाम्या कोपऱ्यातून गुण नेले. हे शेवटचं मोजताना पोरगा गप्प झाला. मग स्वतःच म्हणाला, "काका, म्हणजे मी कोपरारक्षक आहे. चढाई मी हौसेने करतोय."

मी इतकंच म्हटलं, "हौस सोडू नकोस. पण ओळख कोपऱ्याची सांग."

कॉलेज त्याने सोडलेलं नाही. आठवड्यातून तीन दिवस मॅटवर सराव करतो, चढाई फक्त निर्णायक वेळी. विद्यापीठाच्या संघाची निवड तोंडावर आहे. तिथे मॅटवर, अनोळखी चढाईपटूंसमोर त्याचा घोटा-पकड टिकला, तर अकादमीचा विचार पुन्हा करू. नाही टिकला, तरी पदवी हातात असेल. तो लीगमध्ये जाईल का? मंडळी, मला माहीत नाही, आणि आजच छातीठोक सांगणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका.

तुमच्या घरात, गल्लीत असा पोरगा किंवा पोरगी असेल, तर एक वही आणि पेन घ्या. पूर्ण सामना बघा. प्रयत्न लिहा, नुसते गुण नकोत. आणि लिहायला त्या पोरालाच बसवा. पारख आपण करतो असं आपल्याला वाटतं, पण निम्मी पारख ते स्वतःच करतात.