जोर नको, अंदाज हवा!

मैत्रिणींनो, गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा खेळ, टेंभुर्णीत त्याचं काय, असं म्हणाल. पण २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली. एका फटक्याने पदक हुकलं! तिचं बलस्थान ‘पटिंग’, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून सव्वाचार इंची गलीत घालणं. गोट्या खेळलेल्यांना हे लगेच समजेल.

बचत गटातल्या बायकांच्या लेकींना मी सतरंजीवर आडवा पेला ठेवून शिकवते. नजर चेंडूवर, डोकं स्थिर, मनगट न वळवता खांद्यातून झोका. आधी अंतर जमवा, मग दिशा. सुरुवात तीन फुटांवरून. वाकड्या टोकाची काठीही चालते बरं का!

आठवीनंतर मुलींचं खेळणंच सुटतं. रोजची पंधरा मिनिटं तरी त्यांची त्यांना द्या.