जुनं घ्या, पण पारखून!

मैत्रिणींनो, जुन्या साड्या बोहारणीला घालून स्टीलचं पातेलं घेतलं नाही, अशी गृहिणी आपल्याकडे शोधूनच काढावी लागेल. साडी कुठे विरली आहे, काठ धड आहेत की नाहीत, यावरून दारात बसून तासभर हुज्जत घालायची आणि शेवटी एखादा डाव नाहीतर वाटी वर मागून घ्यायची! त्या साड्या पुढे कुणीतरी नेसलंच असणार. पण कोण, हा विचार आपण कधी करत नाही. जुनं देताना आपल्याला काही वाटत नाही. जुनं घ्यायची पाळी आली, की मात्र मान खाली जाते.

माझी गेली होती, म्हणून सांगते.

मी इंग्लंडमध्ये, लंडनपासून आगगाडीने अर्ध्या तासावरच्या रेडिंग गावात राहते. घर सांभाळून शनिवारी इथल्या मराठी मुलांना मराठी शिकवते. इथे प्रत्येक गावाच्या मुख्य रस्त्यावर दोन-चार तरी 'चॅरिटी शॉप' असतातच. लोकांनी फुकट आणून दिलेले कपडे, पुस्तकं, भांडी, खेळणी इथे स्वस्तात विकली जातात. काम करणाऱ्यांत बहुतेक स्वयंसेवक, त्यातही निवृत्त बायका पुष्कळ. खर्च वजा जाता उरलेला पैसा संस्थेच्या कामाला जातो. कुणाचं काम हृदयरोगावरच्या संशोधनाचं, कुणाचं कर्करोगावरचं, तर कुणाचं मुलांसाठी.

यांतल्या ऑक्सफॅम या संस्थेची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात ग्रीसमध्ये लोक अन्नावाचून मरत होते, तेव्हा १९४२ साली ऑक्सफर्डमधल्या काही मंडळींनी मदतीसाठी एक समिती काढली. त्याच समितीने १९४७ सालच्या अखेरीस तिथल्या ब्रॉड स्ट्रीटवर जुन्या वस्तूंची विक्री सुरू केली. पुढे १९५१ साली याच संस्थेने बिहारमधल्या दुष्काळासाठी निधी जमवला. म्हणजे इंग्लंडातल्या देणगीचा घास आपल्या देशातही पोचला होता!

तर २०१६ सालच्या ऑक्टोबरात ह्यांची नोकरी गेली. इथे कायम राहण्याचा परवाना हातात होता, म्हणून परत जाण्याची वेळ आली नाही एवढंच. पुढचे पाच महिने घरात पगार नव्हता. त्यातच मुलगी एका उन्हाळ्यात अशी वाढली, की जुन्या कोटाच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर! दुकानात नवा कोट पंचेचाळीस पौंडांना. मी तीन दिवस चॅरिटी शॉपवरून नुसती चालत गेले. चौथ्या दिवशी आत शिरले.

कोट मिळाला. गडद निळा, आतून लोकरीचं अस्तर, किंमत सहा पौंड. तो हातात घेऊन पैसे द्यायला वळते, तोच दार उघडलं आणि माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई दोन मोठ्या पिशव्या घेऊन आत आली. "अय्या, तुम्हीपण इथेच कपडे देता का?" तिने विचारलं.

मी "हो" म्हटलं, कोट हळूच परत अडकवला आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभी राहिले. कोट गेलेला होता. पोरगी आणखी नऊ दिवस एकावर एक दोन स्वेटर चढवून शाळेत गेली आणि खोकून खोकून बेजार झाली. माझ्या लाजेची किंमत तिने मोजली. दहाव्या दिवशी दुसरा कोट मिळाला, थोडा मोठा. बाह्या आत दुमडून टाके घातले. तो तिने दोन हिवाळे वापरला.

तेव्हापासून मी ही दुकानं नेमाने पाहते आणि आता माझी नजर बरी तयार झाली आहे. परदेशी मुलाकडे जाणाऱ्या किंवा तिकडे संसार थाटणाऱ्या मैत्रिणींसाठी चार गोष्टी सांगते.

घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट म्हणजे यादी. काय हवे आहे ते घरूनच लिहून न्यावे. नाहीतर दोन पौंडांचे पाच मोह मिळून दहा पौंड होतात आणि कपाटात अडगळ वाढते ती वेगळीच. स्वस्त आहे म्हणून घेतलेली वस्तू महागच पडते, हे मी स्वतः तीन फुलदाण्या आणून शिकले!

कपडा नेहमी उजेडात, दाराजवळ नेऊन पाहावा. काखेतली शिवण, कॉलरची घडी, बाह्यांची टोकं आणि चेन ही चार ठिकाणं तपासली, की कपड्याचं वय कळतं. बटण तुटलं असेल तर हरकत नाही, पण काखेतला पिवळा डाग सहसा निघत नाही. कशापासून बनला आहे, ते आतल्या पट्टीवर वाचावे. लोकरीचा कपडा उजेडासमोर धरावा; कसर लागली असेल तर बारीक भोकं दिसतात. चांगला दिसला, तरी घरी आणल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावा. कसरीची अंडी थंडीने मरतात. मग कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवावा.

विजेची वस्तू घेताना ती तपासल्याची चिकटपट्टी तिच्यावर आहे ना, हे पाहावे. गादीच्या खुर्चीला किंवा सोफ्याला आगीपासून सुरक्षिततेची कायमची पट्टी शिवलेली असते. १९८८ सालापासून इथे तसा नियमच आहे. पट्टी नसेल तर घेऊ नये. मोटारीतली लहान मुलाची खुर्ची आणि सायकलचं हेल्मेट कधीच जुनं घेऊ नये. एकदा आपटलं असेल, तर आतली चीर डोळ्यांना दिसत नाही. जुनी रंगीत नक्षीची चिनीमातीची भांडी शोभेला ठेवावीत; त्यांच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून त्यांत जेवण वाढू नये.

चकाकतं ते सगळं चांदी नव्हे! इंग्लिश चांदीवर चालत्या सिंहाचा बारीक छाप असतो. 'ई.पी.एन.एस.' अशी अक्षरं असली, तर तो वरवरचा चांदीचा मुलामा समजावा.

सधन वस्तीतल्या दुकानात माल चांगला येतो, पण किंमतही थोडी वर असते. सवड असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावे. गर्दी नसते आणि नीट पाहता येते. पावती जपून ठेवावी. आणि मैत्रिणींनो, इथे घासाघीस करू नये. चिठ्ठीवरच्या पौंडातला पौंड आपण कमी केला, तर तो कुण्या व्यापाऱ्याचा नाही, आजारी माणसाचा कमी होतो.

सासूबाईंचा प्रश्न

पुढच्या वर्षी सासूबाई साताऱ्याहून आल्या. नातीचा कोट हातात घेऊन त्यांनी कौतुकाने विचारलं, "केवढ्याला गं?" मी खरं सांगितलं. त्यांनी कोट खुर्चीवर ठेवला. "अगं, कुणाच्या अंगावरचं हे! मेलेल्या माणसाचंसुद्धा असायचं तिथे."

"असतं, आई," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? घरातलं म्हातारं माणूस गेलं, की मुलं कपाटंच्या कपाटं रिकामी करून तिथे नेऊन देतात. बोललं ते बोलले आणि आता बोलणी ऐकायची, म्हणून भाजी चिरत उभी राहिले.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाई गेल्या, तेव्हा त्यांची लुगडी मीच बोहारणीला घातली. एक पितळी डबा घेतला होता. अजून डाळ ठेवते त्यात." एवढंच. मग उठून त्यांनी कोटाचं सुटलेलं बटण घट्ट शिवून दिलं.

कपडा त्यांनी स्वतःसाठी शेवटपर्यंत घेतला नाही. माझाही आग्रह नव्हता. प्रत्येकीचं मन असतं. पण परत जायच्या आदल्या आठवड्यात माझ्याबरोबर दुकानात आल्या आणि पायरेक्सचे चार वाडगे निवडून म्हणाल्या, "काचेला कसला आलाय विटाळ? घासली की झाली." ते वाडगे आता साताऱ्यात दही लावायला आहेत.

देण्याचीही रीत असते

घेतो तसं द्यावंही. कपडे धुऊन, वाळवून द्यावेत. चपला-बूट जोडीने बांधावेत. कोड्याच्या खेळातले तुकडे मोजून द्यावेत, कारण ते मोजत बसणारी आजीबाई तुमच्याच आईच्या वयाची असते. दुकान बंद असताना दाराबाहेर पिशव्या टाकून येऊ नये. रात्रीच्या पावसात सगळा माल कुजतो. तुम्ही तिथे प्राप्तिकर भरत असाल, तर 'गिफ्ट एड'चा फॉर्म जरूर भरावा. तुमच्या वस्तूच्या विक्रीतून आलेल्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून पंचवीस पेन्स जादा मिळतात.

जे विकलं जात नाही, तेही वाया जात नाही. ते किलोवर चिंध्यांच्या व्यापाऱ्याला दिलं जातं. परदेशातल्या अशा जुन्या लोकरी कपड्यांचे गठ्ठे आपल्या पानिपतलाही येतात. तिथे ते फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं विणतात. भूकंप-पुरात वाटली जातात ती ब्लँकेटं पुष्कळदा याच जातीची. कुणाच्या अंगावरचं कुणाच्या अंगावर जाईल, काही सांगता येत नाही!

मुलीचा तो कोट तिला लहान झाल्यावर मी धुतला, दुमडलेल्या बाह्या उसवून सरळ केल्या आणि त्याच दुकानात नेऊन दिला. देताना मान अगदी ताठ होती. घेतानाही तशीच असायला हवी होती, हे मला त्या दिवशी उमगलं.

एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. त्या दुकानात भेटलेल्या आईला मी "हो" म्हणून खोटंच सांगितलं होतं, ते अजून तिला कबूल केलेलं नाही. आमची चांगली मैत्री झाली आहे, सणावारी येणं-जाणं आहे, पण तो विषय काढायचा धीर काही झाला नाही.

ती हे साप्ताहिक नेमाने वाचते. म्हणजे आता तिला कळेलच.